शेवटचा दिवस रिकामा ठेवा

मारेतबाई,
तुमचा तक्ता मिळाला.
सात रकाने, आणि शेवटच्याचं नाव ‘भीती’.
हेंकीला, माझ्या भावाला, दाखवला.
तो सिलिंडर भरत होता. म्हणाला,
नोर्चे, या बाईंना मासे नंतर दाखवू,
आधी चहा पाज.

उत्तरं देते, पण तुमच्या क्रमानं नाही.
क्रम आमच्याकडे भरती ठरवते.
मानादोच्या धक्क्यावरून होडी
पाणी चढलं की सुटते.
बारा म्हणाले तर दोन धरा,
दोन म्हणाले तर केळी घेऊन बसा.

ऑक्टोबरात या.
जानेवारीत पश्चिमेचा वारा
समुद्र घुसळून ताक करतो,
मग स्वतःचा हातही दिसत नाही.

पोहायला तुम्ही चाळिशीत शिकलात,
तेही छताखालच्या कोमट तलावात.
चालेल.
चष्म्याचा नंबर कळवा.
काचांना नंबर असलेला एक मुखवटा आहे आमच्याकडे,
एक दंतवैद्य विसरून गेले होते.
उणे तीन. जुळला तर तुमचा.

सर्दी असेल तर बुडी नाही.
पैसे भरलेत तरी नाही,
रागावलात तरी नाही.
खाली जाताना नाक दाबून हलकेच फुंकायचं,
कान दुखण्याआधी. दुखल्यावर उपयोग नसतो.
(जमिनीवरही हे मला उशिरा कळतं.)

हृदयाच्या प्रश्नापुढे तुम्ही
पेन्सिलीनं ‘हो’ लिहून खोडलंय.
कागदावर वळ राहिलाय.
डॉक्टरांना शाईनं लिहायला सांगा.

पहिले दोन दिवस कमरेएवढ्या पाण्यात.
नळी तोंडातून काढायची, परत घालायची,
मुखवट्यात पाणी घ्यायचं, नाकानं बाहेर लोटायचं.
तुम्ही खोकाल. दांडगे दांडगे खोकतात.
श्वास मात्र कधीच रोखायचा नाही.
मग भिंत.
बेट जिथे एकाएकी संपतं, ती.
पायाखाली निळं, त्याखाली आणखी निळं,
आणि तरी माणूस पडत नाही,
असं सगळे सांगतात.
मी गेले नाही कधी.
मी पावत्या फाडते.

आता प्रश्न अकरावा:
शेवटच्या दिवशी बुडी नाही,
तर त्या दिवसाचं भाडं का?
पुस्तक म्हणतं अठरा तास, हेंकी चोवीस धरतो.
रक्तात मुरलेला वायू
सावकाश सुटू द्यायचा, मगच विमान.

पुस्तकात नाही ते असं:
आमचे पप्पा बागेच्या रबरी नळीनं श्वास घेत
समुद्रकाकड्या वेचायचे,
वर होडीत कॉम्प्रेसर धडधडायचा.
एका दुपारी धडधड थांबली.
ते सरळ वर आले.
कोणीही आलं असतं.
तेव्हापासून ओसरीवर बसून असतात.
पाय आहेत, त्यांचं ऐकत नाहीत.
इंजिनाच्या आवाजावरून ओळखतात
कुणाची होडी, किती माणसं,
आणि कुणी भांडून परत येतंय का.

तर त्या दिवशी उशिरा उठा.
रस्त्याकडेला चटयांवर लवंगा वाळत असतील,
पप्पांच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची असेल.
तळलेली केळी येतील, सोबत मिरचीचा ठेचा,
जपून खा.
ते विचारतील, किती खोल गेलात?
पाच मीटर तर पाच सांगा.
पण आकड्यावर भागणार नाही.
विचारतील, तांबडा कुठे गेला?
खाली तो सर्वांत आधी विझतो, मारेतबाई.
रक्तसुद्धा तिथे हिरवं दिसतं म्हणतात.
तेवढं नीट बघून या,
तुमच्या नखांचा रंग, हेंकीच्या पट्ट्याचा,
कुठल्या श्वासाला उडाला ते.
ते डोळे मिटून ऐकतील. घाई करू नका.
मीही तिथेच असेन, लवंगा उलथत.

तक्त्यातला सातवा रकाना
मी कोराच परत पाठवतेय,
तिथे काय लिहावं मला सुचलं नाही.

आगाऊ रक्कम वीस टक्के.
टॉवेल आणू नका, इथे आहेत.